चाव्या कुणाच्या कमरेला?

गेल्या वर्षी आमच्या समुपदेशन केंद्रात आलेल्या एका बाईची हकिगत आधी सांगते. हकिगत तिची आहे, पण चूक आमची आहे. म्हणूनच ती आपल्या अंकात यायला हवी.

बाई एका खाजगी शाळेत कारकून. लग्नाला नऊ वर्षं झालेली. मारहाण रोजची नव्हती. रोजचे होते ते टोमणे, हिशेब आणि पाळत. तिला लगेच घर सोडायचं नव्हतं. आम्ही नेहमीप्रमाणे सांगितलं, "जे घडतं ते तारीखवार लिहून ठेव. उद्या अर्ज करायची वेळ आली तर हीच नोंद कामाला येईल." वही लपवायला तिच्या घरात जागा नव्हती. कपाट सासूचं, पलंगाखालची पेटीही सासूची. म्हणून तिने घरच्या संगणकावर लिहायला सुरुवात केली. तो संगणक तिच्याच पगारातून हप्त्याने घेतलेला. फाइलला तिने नाव दिलं 'उन्हाळी वाळवणं'. या नावाची फाइल घरातला कोणता पुरुष उघडेल, असं तिला वाटलं.

त्याने उघडली. त्यासाठी त्याला फार शोधावंही लागलं नाही. संगणकावर 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून नाव त्याचं होतं. तिने काय लिहिलं, केव्हा लिहिलं, शेवटी कोणती फाइल उघडली, हे सगळं त्याला बसल्या जागी पाहता येत होतं. एका रविवारी त्याने सासू-सासऱ्यांसमोर तिची नोंद तारीखवार, मोठ्याने वाचून दाखवली. पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी ती केंद्रात आली तेव्हा एवढंच म्हणाली, "ताई, लिहून ठेव असं तुम्हीच म्हणाला होतात."

आम्ही तिला २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा समजावून सांगितला होता. संरक्षण अधिकारी म्हणजे कोण, निवासाचा हक्क म्हणजे काय, सगळं सांगितलं होतं. पण ती ज्या यंत्रावर लिहिणार त्याच्या चाव्या कुणाच्या कमरेला आहेत, हा प्रश्न आमच्यापैकी एकीलाही पडला नव्हता. मी समाजकार्यात एम. ए. केलं. दोन वर्षांच्या त्या अभ्यासक्रमात संगणक आला तो क्षेत्रकार्याचा अहवाल टाइप करण्यापुरता. कपाटाची चावी कुणाकडे, बँकेच्या पुस्तकावर सही कुणाची, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण, हे विचारायला आम्ही शिकलो होतो. संगणकाबद्दल विचारायला शिकलो नव्हतो.

त्या रात्री घरी येऊन मी माझा संगणक उघडला. २०१३ साली घेतलेला, बहुतेक वेळ मीच वापरते. पडद्यावर दोन नावं होती. वर नवऱ्याचं, खाली माझं. वरच्या नावाला सगळे अधिकार, खालच्याला 'मर्यादित'. इतकी वर्षं रोज हा पडदा पाहत होते आणि दिसलं नव्हतं. नवऱ्याला विचारलं तर तो खरंच गोंधळला. म्हणाला, "अगं, दुकानदाराने विचारलं नाव काय टाकू, मी माझं सांगितलं. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, हेच तर! माझा नवरा माझ्या फाइली वाचत नाही. भांडी घासतो, मुलीची वेणी घालतो. पण मैत्रिणींनो, मालक चांगला आहे म्हणून मालकीचा प्रश्न सुटत नाही, हे आपणच गावोगावच्या शिबिरांतून सांगत आलो ना? सातबाऱ्यावर नाव का हवं, तर नवरा वाईट आहे म्हणून नव्हे. नवरा चांगला असतानाच नाव लागायला हवं. मग संगणकाच्या पडद्यावरचं नाव तेवढं किरकोळ कसं?

मालकामागचा मालक

नवऱ्याने त्याच दिवशी सगळे अधिकार माझ्या नावावर करून दिले. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण एकदा विचारायला सुरुवात केली की प्रश्न थांबत नाहीत. आता मी 'प्रशासक' झाले, पण कशाची? संगणकासोबत जी प्रणाली आली होती ती आतून कशी चालते हे मला पाहता येत नव्हतं. पाहायची परवानगीच नव्हती. ती माझी नव्हतीच. मला फक्त वापरायचा परवाना होता. त्या परवान्याचं लांबलचक कलमपत्र मी कधी वाचलं नव्हतं. 'मान्य आहे' या बटणावर बोट ठेवलं होतं. आपण कुणीच ते वाचत नाही.

या बोट ठेवण्याने मला आईची आठवण झाली. आजोबा गेल्यावर मामाने तिच्यापुढे कागद ठेवला होता. "ताई, इथे सही कर." तिने केली. ते हक्कसोडपत्र होतं. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती झाली, तरी न वाचता केलेल्या सहीने बहिणींचे हक्क आजही सुटतात. वाचायला वेळ न देता, समजेल अशा भाषेत न लिहिता घेतलेल्या संमतीला आपण संमती मानत नाही. मग पडद्यावरच्या 'मान्य आहे'ला का मानतो?

बंद प्रणालीचा दुसरा अर्थही आता सगळ्यांना दिसला आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. पुढची आवृत्ती सुरक्षेची ठरावीक चिप आणि ठरावीक वर्षांनंतरचा प्रोसेसर असल्याखेरीज अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे चालतं, धडधाकट यंत्र एका कंपनीच्या तारखेने म्हातारं ठरतं. संस्थांच्या कार्यालयात दान आलेले संगणक असतात, आपल्या घरी मुलाला नवा घेतल्यावर उरलेला असतो. भंगारात काढा म्हणणारी तारीख सगळ्यात आधी लागू होते ती आपल्याला.

मी काय केलं

मी जुनी प्रणाली पुसून टाकली आणि तिच्या जागी जेंटू नावाची लिनक्स प्रणाली बसवली. अख्खी प्रणाली स्वतःच्या हाताने, मुळापासून घडवून. हे वाक्य लिहायला सोपं आहे. करायला मला तीन आठवड्यांच्या संध्याकाळी आणि चार रविवार लागले.

थोडक्यात इतिहास. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. कल्पना अशी की संगणकाची प्रणाली कुणाच्या खाजगी मालकीची नसावी. ती कोणत्याही कामासाठी चालवता यावी, आतून पाहून बदलता यावी, दुसऱ्यांना वाटता यावी आणि बदललेली आवृत्तीही वाटता यावी. या चार स्वातंत्र्यांची हमी देणारा परवाना १९८९ साली आला. १९९१ साली हेलसिंकीतल्या लायनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला, तो लिनक्स, आणि १९९२ साली तोही याच परवान्याखाली आला. लिनक्सच्या पुढे शेकडो शाखा झाल्या. जेंटू ही त्यातलीच एक; डॅनियल रॉबिन्स यांनी सुरू केलेली, पहिली पूर्ण आवृत्ती २००२ सालची. जेंटू हे एका जातीच्या पेंग्विनचं नाव, पेंग्विनांमध्ये सगळ्यात वेगाने पोहणाऱ्या.

बाकीच्या बहुतेक शाखांत प्रोग्रॅम तयार शिवलेले मिळतात. जेंटूत मिळतो तो मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड. तो आपल्या यंत्रावर, आपल्या मापाने शिवून घ्यायचा. ब्लाउजचं उदाहरण घ्या. बाजारातला तयार ब्लाउज कुणालाच नीट बसत नाही. काखेत दाटतो, खांद्यावर उतरतो, आपण पिना लावून दिवस काढतो. स्वतः बेतलं तर बाही किती, गळा किती, अस्तर हवं की नको, हे आपण ठरवतो. जेंटूत या ठरवण्याला 'यूज फ्लॅग' म्हणतात. एका साध्या फाइलीत लिहून ठेवायचं : मला छपाईची सोय हवी, ब्लूटूथ नको, अमुक भाषा हवी. मग 'पोर्टेज' नावाची व्यवस्था त्याप्रमाणे मूळ मजकूर आणते आणि संगणक तो शिवत बसतो. या शिवण्यालाच कंपाइल करणं म्हणतात.

सुरुवातीला एक लहान पाया उतरवून घ्यावा लागतो, त्याला तिसरा टप्पा म्हणतात. त्याच्या आत शिरून पुढचं सगळं. डिस्कचे भाग पाडले, तेव्हा हात कापत होते, कारण एक चुकीचं अक्षर आणि सगळं साफ. महत्त्वाचं सारं आधी दुसरीकडे उतरवून ठेवलं होतं, तरी. मग गाभ्याची जुळणी. त्यात हजारो पर्याय, प्रत्येकासमोर हो की नाही. माझ्या यंत्रात काय काय आहे हे मला प्रथमच कळलं. आवाजाचं कार्ड कोणतं, जाळ्याला जोडणारी चिप कोणती. दहा वर्षं जिच्यासोबत राहिले तिची नावगावं मी त्या आठवड्यात विचारली.

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा काळ्या पडद्यावर एक ओळ येऊन थांबली. गाभ्यात डिस्क वाचणारा भागच घ्यायला विसरले होते. दुसऱ्यांदा जमलं. ब्राउझर शिवायला घेतला तर चार जीबी मेमरी अपुरी पडून मध्येच कोसळला. एका वेळी चार धागे चालवत होते, ते एकावर आणले. रात्रभर चालला. पहाटे वीज गेली आणि चालू असलेलं शिवण पहिल्यापासून. मी डोक्याला हात लावून बसले. मुलगी म्हणाली, "आई, रद्दीत दे ना." नवऱ्याने चहा आणून दिला आणि काही सल्ला दिला नाही. ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची होती.

मराठीची गोष्ट राहिली. सगळं चालू झालं, आणि आपल्या मासिकाचा जुना अंक उघडला तर पानभर नुसते चौकोन. देवनागरीचा एकही टाइप मी घेतला नव्हता. कुणी आपणहून दिला नाही, कारण या प्रणालीत कुणीच काही आपणहून देत नाही. मी देवनागरीचा टाइप घेतला, भाषांच्या यादीत मराठी लिहिली, मराठी कळफलक बसवला. ब्राउझरच्या पट्ट्या मराठीत आल्या. मग चौकोनांच्या जागी जोडाक्षरं उभी राहिली. ते पान वाचताना मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आणि शेवटी 'रूट'. लिनक्समध्ये सर्वाधिकार असलेल्या खात्याला हे नाव आहे. रूट म्हणजे मूळ. त्याचा परवलीचा शब्द मी ठरवला. तो कुणालाच माहीत नाही.

आक्षेप पहिला : हेही बायकांनीच करायचं का?

हे मी आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्त्या चिडून म्हणाल्या, "अगं, पोळ्या करा, नोकरी करा, मोर्च्याला या, आता संगणकही घरीच शिवा? कुणाला आहे एवढा वेळ?"

ताईंचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो खरा आहे. वेळ ही पुरुषांकडे असलेली मालमत्ता आहे. ज्या मुलांनी रात्र-रात्र जागून ही प्रणाली घडवली, त्यांचं ताट कुणी वाढलं, कपडे कुणी धुतले, हे कोणत्याही परवान्यात लिहिलेलं नाही. सॉफ्टवेअरच्या चार स्वातंत्र्यांच्या यादीत स्वयंपाकघरातून सुटण्याचं स्वातंत्र्य नाही. मला तीन आठवडे मिळाले, कारण नवऱ्याने घर सांभाळलं. केंद्रातल्या त्या बाईला तीन तासही मिळणार नाहीत.

पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? कायद्याचं शिक्षण घ्यायलाही बाईला वेळ नव्हता. म्हणून आपण असं म्हटलं का, की कायदा वकीलसाहेबांवर सोडा? आपण काहीजणी शिकलो, सोप्या मराठीत पुस्तिका काढल्या, शिबिरं घेतली. प्रत्येकीने वकील व्हायची गरज नव्हती. पण तालुक्यात एकीला तरी फिर्याद वाचता यायला हवी होती. संगणकाचंही तसंच. प्रत्येकीने जेंटू शिवावं असं मी मुळीच म्हणत नाही. बहुतेकींनी उबुंटू किंवा मिंट यांसारखी तयार, सोपी लिनक्स घ्यावी; ती दुपारभरात बसते. जेंटूनेही डिसेंबर २०२३ पासून तयार शिवलेले प्रोग्रॅम द्यायला सुरुवात केली आहे, तेव्हा तिथेही सगळंच घरी शिवण्याची सक्ती राहिलेली नाही. पण आपल्यातल्या काहीजणींना तरी शिवण उसवून पुन्हा घालता आली पाहिजे. नाहीतर आपण कायम कुणाच्या तरी भाच्याच्या भरवशावर राहू. आज बहुतेक संस्थांत संगणक बिघडला की कुणाचा तरी भाचा येतो. पीडित स्त्रियांच्या नोंदी ज्या यंत्रात आहेत ते यंत्र आपण बिनदिक्कत त्याच्या हाती देतो, आणि गोपनीयतेच्या गोष्टी करतो.

आक्षेप दुसरा : ही पुरुषांची दुनिया आहे

आहे. माझ्या अनुभवातून सांगते. पेन ड्राइव्ह घ्यायला दुकानात गेले आणि लिनक्सबद्दल विचारलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो." लिनक्स वापरणाऱ्या एका मुलाला शंका विचारली तर म्हणाला, "काकू, आधी हँडबुक वाचा." वाचलंच होतं, अडलं होतं ते त्याच्या पुढे. वाचा म्हणणं सोपं असतं, कारण त्याला कुणीतरी शेजारी बसून शिकवलेलं असतं आणि ते तो विसरलेला असतो.

आकडाही पाहा. २०१७ साली गिटहबने खुल्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांची पाहणी केली, तेव्हा उत्तर देणाऱ्यांत ९५ टक्के पुरुष होते आणि स्त्रिया ३ टक्के. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या चळवळीतला हा आकडा आहे. खुद्द स्टॉलमन यांना लैंगिक शोषणाच्या एका प्रकरणावर केलेल्या वक्तव्यांमुळे सप्टेंबर २०१९ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानचं अध्यक्षपद सोडावं लागलं, आणि मार्च २०२१ मध्ये ते संचालक मंडळावर परत आले. लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी सहकाऱ्यांशी वर्षानुवर्षं केलेल्या अर्वाच्य भाषेबद्दल सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर माफी मागितली, तेव्हा कुठे गाभ्याच्या कामाला आचारसंहिता आली. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. समतेच्या गप्पा मारणाऱ्या पुरुषांच्या चळवळी आपण इथेही पुरेशा पाहिल्या आहेत. पण म्हणून आपण त्या मैदानातून निघून गेलो नाही. आपण आत राहून भांडलो आणि बाहेर आपलं उभं केलं. लिनक्समधल्या बायकांनीही तेच केलं : १९९८ साली 'लिनक्सचिक्स', २००४ साली 'डेबियन विमेन'.

शिवाय ही दुनिया मुळात पुरुषांची होती, हेच खोटं आहे. 'कॉम्प्युटर' हे आधी यंत्राचं नाव नव्हतं. आकडेमोड करणाऱ्या माणसाचा तो हुद्दा होता आणि त्या हुद्द्यावर मोठ्या संख्येने बायका होत्या. १९४६ साली अमेरिकेत एनिअ‍ॅक हा प्रचंड संगणक जगासमोर आला, तेव्हा त्याच्याकडून गणितं करून घेणाऱ्या सहाजणी बायका होत्या, आणि त्यांची नावं कित्येक दशकं इतिहासात आली नाहीत. ज्या कंपाइल करण्याबद्दल मी एवढं लिहिलं, त्या कंपायलरची सुरुवात करणाऱ्यांत अग्रणी ग्रेस हॉपर. १९५२ साली त्यांनी 'ए-झिरो' तयार केला. यंत्र फक्त आकडेमोड करतं, प्रोग्रॅम लिहिणार नाही, असं त्यांना सांगितलं जात होतं. आज 'काकू, आधी हँडबुक वाचा' म्हणणारा मुलगा ज्या साधनाच्या जिवावर उभा आहे, त्याची वाट एका बाईने घातली आहे. आपण परक्याच्या अंगणात शिरत नाही आहोत.

आक्षेप तिसरा : याने बाई सुरक्षित होईल का?

या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं, नाहीतर त्या बाईच्या बाबतीत केली तीच चूक मी पुन्हा करेन. उत्तर आहे : फक्त याने नाही.

हिंसक घरात राहणाऱ्या बाईने एक दिवस अचानक संगणकाचं रूप पालटलं, परवलीचा शब्द बदलला, तर पाळत ठेवणाऱ्याला ते लगेच कळतं. ताबा सुटतोय असं त्याला वाटतं तो क्षण बाईसाठी सगळ्यात धोक्याचा असतो, हे आपण अनुभवाने जाणतो. म्हणून अशा बाईला 'लिनक्स बसव' असा सल्ला देऊ नका. तिने जे लिहायचं ते घराबाहेर, तिच्या भरवशाच्या जागी लिहावं. घरचं यंत्र आहे तसं, निरुपद्रवी राहू द्यावं. शिवाय पाळत आता संगणकापेक्षा फोनवर जास्त आहे, आणि जेंटू फोनला हात लावत नाही. डिस्क कुलूपबंद केली तरी ते कुलूप यंत्र बंद असतानाच राखण करतं. चालू यंत्र हिसकावून घेतलं तर नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण हे सगळं मला तो खटाटोप केल्यावर कळलं. कुलूप कुठे लागतं आणि कुठे लागत नाही, नोंद कुठे कुठे मागे उरते, सर्वाधिकारी काय पाहू शकतो, हे स्वतः चाव्या हातात घेतल्याशिवाय कळत नाही. आधी मी त्या बाईला अर्धवट सल्ला दिला, कारण मला माहीतच नव्हतं की मला माहीत नाही.

आणि आपल्या चळवळीला तंत्रज्ञान परकं नाही. गर्भजलचिकित्सेचं तंत्र तटस्थ आहे, वापरणारा दोषी, असं डॉक्टर मंडळी सांगत होती, तेव्हा आपल्या आधीच्या पिढीने ते मानलं नाही. ती चाचणी काय आहे, सुई कुठे जाते, यंत्र काय दाखवतं, हे त्या समजून घेऊन बोलल्या. म्हणून १९८८ साली महाराष्ट्रात देशातला या विषयावरचा पहिला कायदा झाला आणि १९९४ साली केंद्राचा. सोनोग्राफीच्या यंत्राला प्रश्न विचारणाऱ्या बायकांच्या मुली आपण. संगणकापुढे मात्र 'मला त्यातलं काही कळत नाही बाई' म्हणताना आपल्याला संकोचही वाटत नाही. किंबहुना त्यात थोडं कौतुकही असतं. ते कौतुक आता पुरे.

तर मग काय करायचं

माझ्या मागण्या सरकारकडे नाहीत. आपल्याकडेच आहेत.

एक. प्रत्येक केंद्राच्या पहिल्या भेटीच्या फॉर्मात एक प्रश्न वाढवा : घरातला फोन आणि संगणक कुणाच्या नावाने चालतो, परवलीचा शब्द कुणाकुणाला माहीत आहे? आणि उत्तर मिळेपर्यंत 'लिहून ठेव' म्हणू नका.

दोन. संस्थेतला एक तरी संगणक फक्त स्त्रियांच्या नोंदींसाठी ठेवा. जुना चालेल. त्यावर मुक्त प्रणाली, डिस्क कुलूपबंद, आणि चाव्या संस्थेतल्या दोघींकडे. भाच्याकडे नाही.

तीन. जिल्ह्यात किमान दोघींनी खोलात शिरून शिकावं, बाकीच्यांनी वापरापुरतं. केरळातल्या सरकारी शाळांत मुलं-मुली कित्येक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकत आहेत. तिथल्या शिक्षिका शिकल्या, तर आपल्या कार्यकर्त्या का शिकणार नाहीत?

चार. आपली पुस्तिका आपण लिहू, मराठीत. मी माझ्या चुकांची वही जपून ठेवली आहे. तिच्यापासून सुरुवात करता येईल. ज्यांना हाताला हात लावायचा आहे त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. शिकवायला पुरुष आले तरी चालतील, पण कळफलक बाईच्या हातात राहील, हा नियम.

आता आमच्या केंद्रात तसा एक संगणक आहे. ती बाई शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा येते आणि अर्धा तास त्यावर लिहिते. या संगणकाची मूळ चावी आमच्याकडे आहे, म्हणजे ज्या प्रश्नापासून सुरुवात केली तो आता आम्हालाही लागू झाला. सर्वाधिकारी म्हणून मी तिची फाइल उघडू शकले असते. म्हणून पहिल्याच दिवशी तिला हे सांगितलं, आणि फाइलला स्वतःचं वेगळं कुलूप कसं लावायचं ते शिकवलं. शब्द विसरलीस तर आमच्यापैकी कुणालाही ती उघडता येणार नाही, हेही सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "तुम्हालाही नाही, ताई?"

मी म्हटलं, "मलाही नाही."

मग तिने मला खुर्ची जरा मागे घ्यायला सांगितली आणि शब्द टाइप केला.